करवंटीतले काँक्रीट

"आकडा चेंगारलाय सायब," रायाप्पा दारातूनच म्हणाला.

दाबयंत्राचा काटा नुकताच थबकून मागे फिरला होता. पत्र्याची शेड मार्चच्या उन्हाने तापली होती आणि यंत्राच्या दोन पोलादी तळव्यांमध्ये काँक्रीटचा तिसरा ठोकळा वरच्या कडेने ढासळून पडला होता. मी वहीत भागाकार करून ठोकळ्यांची ताकद काढली. पहिला चोवीस, दुसरा सत्तावीस, तिसरा सव्वीस. हवे होते पस्तीस.

"काय म्हणालात?"

"तुमी तांबड्या रंगानं काढल्याला आकडा. वरच्या तोंडावर हाय न्हवं त्यो, पार चेंगारून गेला. मोकाशी अण्णा ठोकळा ठेवत्यात तवा आकडा आपल्याकडं करून ठेवत्यात. वर न्हाई."

"तुमचं काँक्रीट फुटलंय रायाप्पा. आकड्याची काळजी करू नका."

त्याच्या पाठीमागे त्याच्या टोळीतले चौघे उभे होते. त्यांच्यापैकी कोणी हसले नाही, आणि मला ते हसायला हवे होते. रायाप्पा खाली वाकला, ठोकळ्याचा एक तुकडा उचलून त्याने अंगठ्याने चोळला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वरची बाजू थापीची आसती. आमी हातानं सारखी केल्याली. ती कंदी सपाट नसती. यंत्र एका उंचवट्यावर बसतंय आन् तिथंच फोडतंय. मोकाशी अण्णांस्नी इचारा."

"मी इंजिनिअर आहे की मोकाशी?"

"तुमीच हाय की," तो म्हणाला. "त्येच तर म्हनतोय."

मग मी एक गोष्ट केली जी तोवर त्या कामावर मी कधी केली नव्हती. माझ्या वडिलांहून मोठ्या असलेल्या त्या माणसाला मी अरे-तुरे केले. "बाहेर हो," मी म्हणालो. "तुझं काम पाटी वाहण्याचं. हे नाही."

तो तुकडा त्याने जागेवर ठेवला, कानावरचा मुंडाशाचा शेव मागे सारला आणि निघून गेला.

पाडळीच्या पुलावर मी तपासणी सल्लागाराच्या बाजूने नेमलेला होतो. ठेकेदाराने काँक्रीट ओतले की त्यातले तीन ठोकळे साच्यात भरायचे, अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडायचे आणि त्यावरून ते काँक्रीट मी पास करायचे किंवा नापास, आणि माझ्या सहीचा अहवाल जीपने जिल्ह्याच्या गावी साहेबांकडे जायचा. मी चोवीस वर्षांचा होतो. नदीकाठच्या त्या शेडमध्ये माझ्या सोबतीला मोकाशी अण्णा होते, वीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळणारे, डिग्री नसलेले, सावकाश बोलणारे. ठोकळे यंत्रात ठेवायचे ते. काटा वाचून वहीत लिहायचा मी. त्या मंगळवारी अण्णांच्या मुलीची सुपारी फुटायची होती म्हणून ते गावी गेले होते, आणि ठोकळे मी माझ्या हाताने ठेवले.

रायाप्पा धोत्रे हा काँक्रीट ओतणाऱ्या टोळीचा मुकादम. जातीने वडार, घडण दगडाची. तो आणि त्याची बायको तायव्वा नदीच्या उतारावर पाल टाकून राहत. दिवसातून तीनदा तायव्वा परांचीवर चढून ताज्या काँक्रीटवर पसरलेली गोणपाटे भिजवायची आणि परतताना आमच्या शेडमागच्या टाकीत, जिथे ठोकळे बुडवून ठेवलेले असत, दोन घागरी ओतून जायची. ते तिचे काम नव्हते. कोणी सांगितले नव्हते.

आमचे वैर एका बादलीतून निघाले.

त्या मंगळवारच्या बरोबर अठ्ठावीस दिवस आधीची ती सकाळ. चौथ्या खांबाच्या माथ्यावर पिअर कॅप ओतायची होती. मजूर तिला टोपी म्हणत. त्या वर्षी कामावर प्रथमच राख मिसळलेले सिमेंट आले होते. औष्णिक केंद्राच्या धुराड्यातली बारीक राख सिमेंटात दळून घातलेली. गोणी फुटली तेव्हा रायाप्पाने चिमूटभर पूड बोटांत घोळवली आणि विचारले, "ह्यात काय हाय सायब? रंग निराळा हाय."

मी त्याला सांगितले. जरा जास्तच सांगितले. सिमेंट पाण्याशी मिळताना चुना मोकळा सुटतो, ही राख त्या चुन्याला धरते आणि त्याचाही दगड करते, म्हणून असे काँक्रीट सावकाश पण अधिक काळ बळावत जाते, असे काहीसे. आणि बोलताना माझे लक्ष त्याच्याकडे नव्हते, माझ्या स्वतःच्या वाक्यांच्या घडणीकडे होते.

तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हंजी सुरखीच की. आमचा आज्जा घाणीत चुना मळायचा तवा भाजक्या इटंचा भुगा घालायचा त्यात. इहिरीच्या बांधकामाला. पान्याच्या पोटात धरायचा त्यो चुना. उशिरा धरायचा, पन धरला की सोडत न्हवता."

"हे आधुनिक आहे. विटेचा भुगा नव्हे."

"आधुनिक आसंल. पन चाल तीच हाय." मागे कोणीतरी खुदकले.

नारळ फुटला. दर ओतणीच्या आरंभी तो फुटायचाच. खोबरे टोळीत वाटले जायचे आणि एक अर्धी करवंटी रायाप्पा जपून ठेवायचा. ओतणी अर्ध्यावर आली की त्याच काँक्रीटमधले ओंजळभर तो तिच्यात ठासून भरायचा, थापीने वरून सारखे करायचा आणि ती करवंटी आपल्या पालात, पाण्याच्या मडक्यात बुडवायचा. महिन्याने कवच फोडून आतला अर्धगोल काढायचा आणि लोखंडी थापीने टोला देऊन त्याचा नाद ऐकायचा. त्याचा आजा चुन्याचे गोळे असे पाण्यात बुडवून पाहत असे: विरघळला तर तो चुना घराच्या भिंतीला, टिकला तर विहिरीला. आमच्या तपासणीला समांतर चाललेली ही त्याची तपासणी मी रागाने पाहत असे. तिच्यात सही नव्हती, शिक्का नव्हता, आणि तरीही टोळीतला प्रत्येक माणूस माझ्या अहवालाची नव्हे, त्या नादाची वाट पाहायचा.

मिक्सरने पहिला घाणा ओकला आणि पाच मिनिटांच्या आत पत्र्यावरचे काँक्रीट ताठ झाले. फावडे रुतेना. वर परांचीवर माणसे पाट्यांची वाट पाहत थांबली होती. खाली ठेकेदाराचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, "पाणी घाला. एक बादली."

"पानी घालायचं न्हाई," रायाप्पा म्हणाला.

"मी सांगतोय."

"तुमी सांगताय, पन टोपी माझ्या हातची हाय." त्याने त्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि क्षणभर तसाच ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. "गरम न्हाई. गरम आसतं तर मी टाकूनच दिलं आसतं. ह्ये झोपलंय, मेलं न्हाई. परत ड्रममधी टाका रं, आन् कोरडंच फिरवा."

बादली मीच उचलली. शब्द मागे घेण्यापेक्षा ती उचलणे मला सोपे वाटले. दोन पावले गेलो असेन, रायाप्पाने ती माझ्या हातातून काढून घेतली; हिसकावली नाही, घेतली, एखाद्या अवघड वस्तूशी खेळणाऱ्या पोराच्या हातून घ्यावी तशी, आणि माझ्या पायांशी सावकाश ओतली. बूट, मोजे, पँटच्या घड्या, सगळे भिजले.

"पानी तिथं नगं," तो म्हणाला. "हितं चालंल."

ती टोळी हसली. वर परांचीवरचेही हसले. मिक्सर कोरडाच फिरला आणि तीन मिनिटांत ते ताठरलेले काँक्रीट पुन्हा मऊ होऊन पत्र्यावर सांडले. मला हे ठाऊक होते. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होते, परीक्षेत आले होते: गिरणीत दळताना जिप्सम तापले की सिमेंट अवेळी आखडते, उष्णता नसेल तर ते खरे आखडणे नव्हे, पाणी न घालता पुन्हा फिरवावे. मला ते वाक्य त्या दिवशी सबंध आठवले, पण ओल्या बुटांत उभे राहून आठवले.

दुसऱ्या दिवशी साचे उघडले. साच्याला तेल लावलेले असते. ठोकळ्याच्या बाजू तेलकट निघतात आणि त्यांच्यावर रंग बसत नाही. थापी फिरवलेली वरची बाजू तेवढी कोरडी, खरखरीत. तिच्यावर मी बारीक कुंचल्याने तांबडे आकडे काढले: चार, आडवी रेघ, एक, चार, रेघ, दोन, चार, रेघ, तीन. अक्षराचा मला अभिमान होता. रायाप्पा टाकीपाशी उभा राहून पाहत होता.

"लई देखना आकडा काढताय सायब. ठोकळा बोहल्यावर निघालाय जनू."

त्या महिन्यात मी त्याला कामापुरतेसुद्धा शब्द दिले नाहीत. चिठ्ठीवर लिहून देत असे, आणि त्याला वाचता येत नाही हे मला माहीत होते. कोणाकडून तरी वाचून घेऊन तो मुकाट्याने काम करायचा, आणि माझ्यासमोरून जाताना बूट सुकले का असे माझ्या पायांकडे बघायचा. बाकी शिक्षा त्याने काही दिली नाही. तेवढी पुरेशी होती.

ठोकळे फुटले त्या मंगळवारी दुपारी मी अहवाल लिहिला. आकडे लिहिले. मग 'संभाव्य कारण' असा जो रकाना असतो त्यात लिहिले: 'ओतणीच्या वेळी कामगार मुकादमाने तपासनिसाच्या सूचना डावलून मिश्रणात अतिरिक्त पाणी मिसळल्याचा दाट संशय.' वाक्य एकदा वाचले. 'दाट' हा शब्द खोडावासा वाटला होता. मग त्याची लय मोडेल म्हणून राहू दिला. सही केली आणि पाकीट जीपवाल्याच्या पेटीत टाकले. जीप एक दिवसाआड, दुपारी दोनला सुटायची. पुढची फेरी बुधवारची होती.

बुधवारी सकाळी पाचव्या टोपीच्या ठोकळ्यांचे साचे उघडले. ती सोमवारी संध्याकाळी ओतली होती. मी एकटाच होतो. ठोकळ्यांची एकेक बाजू पॉलिश पेपरने घासून तेल काढले आणि त्या बाजूवर आकडे घातले. मग जेवलो. दोनला जीप गेली.

चौथ्या दिवशी साहेब आले. वर चढले, टोपीवर हातोडी वाजवून पाहिली, खाली उतरले. आत सळ्यांची एवढी दाटी होती की भोक पाडून गाभा काढून तपासणे शक्य नव्हते. साहेबांनी माझा अहवाल ठेकेदारापुढे धरला. ठेकेदाराला पावसाच्या आत पूल उरकायचा होता. भांडणात जाणाऱ्या दिवसांपेक्षा फोडण्यात जाणारे दिवस कमी, असा त्याचा हिशेब झाला. शिवाय दोष त्याच्या सिमेंटचा नव्हता, त्याच्या यंत्राचा नव्हता. एका मुकादमाचा होता, आणि मुकादम बदलता येतो.

"पानी घातलं?" रायाप्पाने विचारले. सगळ्यांसमोर, खांबाच्या सावलीत. "मी?"

"अहवालात तसं आहे," साहेब म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी साहेबांकडे पाहत होतो. टोळीतला एक जण काहीतरी बोलायला पुढे झाला, तेव्हा रायाप्पाने त्याच्या छातीवर हात आडवा धरला.

"सायब," तो मला म्हणाला, "बादली कुनाच्या हातात हुती?"

"माझ्या हातातली बादली तुम्ही ओतून दिलीत, हे सगळ्यांनी पाहिलं," मी म्हणालो. "त्यानंतर मी दिवसभर मिक्सरपाशी उभा नव्हतो. त्यानंतर काय झालं ते मला कसं माहीत असणार?"

हे वाक्य मी तिथेच रचले नव्हते. ते आदल्या रात्रीपासून माझ्यापाशी तयार होते.

ठरले ते असे: टोपी रायाप्पाच्याच टोळीने फोडायची, आणि फोडून झाली की टोळीने काम सोडायचे. नव्या टोळीला जुन्याचा राडारोडा उचलायला लावणे बरे दिसत नाही, असे ठेकेदार म्हणाला.

तीन दिवस धरले होते. पहिल्या दिवशी ब्रेकरचे टोक मोडले. दुसऱ्या दिवशी दुसरे. मग हातोडे, छिन्न्या, पहारी. सकाळी सातला सुरू झालेला तो ठणठणाट नदीच्या दोन्ही काठांवर आदळत दिवसभर चालायचा; संध्याकाळी मी वर पाहायचो तर टोपीचा कोपरा उंदराने कुरतडल्याएवढा गेलेला असायचा. चांगले काँक्रीट फुटते तेव्हा खडी उखडून येत नाही. खडीच दुभंगते, आणि तिच्या आतला निळसर काळा दगड ताजा, ओला असल्यासारखा चमकतो. खाली पडलेल्या ढिगात मी तसे दुभंगलेले दगड पाहिले. रोज पाहिले. पाचव्या दिवसानंतर ढिगाकडे जाणे सोडले.

तायव्वाने शेडमागच्या टाकीत पाणी घालणे बंद केले. एके सकाळी ती भरल्या घागरी घेऊन समोरून आली, शेडच्या दारापाशी थांबली, आणि माझ्यादेखत दोन्ही घागरी धुळीत ओतल्या.

"तायव्वा, ठोकळे कोरडे पडतील," मी म्हणालो.

"पडू द्यात की. तसं बी तुमच्या ठोकळ्यांस्नी पान्यानं काय हुतंय? लिवल्यावर हुतंय." रिकाम्या घागरी तिने कमरेवर घेतल्या. "माझ्या घरधन्यानं तीस वरसं सिमिट मळलं. मानसं म्हनत्यात सिमिट वाळतंय. वाळती ती माती सायब. सिमिट पितंय. आन् ज्येनं पाजलं त्येला त्ये इसरत न्हाई. मानूस इसरतो."

मोकाशी अण्णा गुरुवारी परतले होते. फुटलेल्या ठोकळ्यांचे तुकडे कोपऱ्यात तसेच होते. त्यांनी ते जोडून पाहिले, चेंगरलेल्या आकड्यावरून बोट फिरवले, टाकीत बुडवलेल्या पाचव्या टोपीच्या ठोकळ्यांकडे पाहिले आणि काहीच म्हणाले नाहीत. त्यानंतर ते मला पानाचा डबा पुढे करीनासे झाले. ठोकळे तपासायचे असले की ते ठेवायचे, मी वाचायचो, आणि आमच्यात आकड्यांखेरीज काही उरले नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. मी त्यांना दोष देत नाही. त्या शेडमध्ये दोष देण्याचा अधिकार एकट्या त्यांनाच होता.

टोपी फुटायला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी पाले उतरली. गाढवांवर भांडी, चटया, बाजल्याचे पाय. सकाळ होती, काठावर इतकी शांतता होती की मला माझ्याच कानांचा आवाज येत होता. रायाप्पा शेडमध्ये आला. नव्याने धुतलेला सदरा, डोक्याला मुंडासे. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. अण्णा उठून बाहेर गेले.

त्याने फडके सोडले. करवंटीतून काढलेला तो अर्धगोल होता. खाली करवंटीसारखा गुळगुळीत, वर थापीने सारखा केलेला. करवंटीच्या आतल्या बाजूचे बारीक धागे त्याच्यावर उमटले होते. त्याने तो एका तळहातावर तोलला, कमरेची थापी काढली आणि एक टोला दिला.

तो नाद मी शब्दांत धरण्याचा प्रयत्न पुढे अनेकदा केला आणि दर वेळी सोडून दिला. काशाच्या वाटीचा नव्हता, दगडाचा नव्हता. बराच वेळ टिकला, एवढे खरे.

"चौथ्या टोपीचा हाय," तो म्हणाला.

"रायाप्पा, झालं ते झालं. आता काय उपयोग?"

"उपेग न्हाई. टोपी पडली, पाल उचललं. ह्या जिल्ह्यात आता मला कोन टोपी वतू देनार न्हाई. मुकादमानं पानी घातलं, ह्ये पुलाच्या आधी पुढच्या गावाला पोचतंय." तो हे तक्रारीने बोलत नव्हता, नदीला पाणी किती आहे ते सांगावे तसे सांगत होता. "मी एकच इचाराया आलोय. आकडा चेंगारला, त्यामुळं ठोकळा कमी दाबात फुटला. ह्ये तुमाला कळलंय. तोंडावरून दिसतंय. कवा कळलं?"

मी दाराबाहेर पाहिले. तायव्वा गाढवाच्या पाठीवरची दोरी आवळत होती.

"टोपी फोडायला लागल्यावर," मी म्हणालो. "दगड दुभंगलेले पाहिले तेव्हा. तोवर अहवाल साहेबांकडे गेला होता. माझ्या हातात काही राहिलं नव्हतं."

तो मान डोलावत राहिला. वाटले, सुटलो. वाटले, तो मला एखादे मोठ्या मनाचे वाक्य देईल आणि मी ते पुढे आयुष्यभर बाळगीन.

"मंगळवारी सकाळी ठोकळं फुटलं," तो म्हणाला. "आकडा वरच्या तोंडावर. बुधवारी सकाळी पाचव्या टोपीचं ठोकळं उघडलं. मी हिकडं टाकीवर हात धुवाया आलतो, तुमी आत जेवत हुता. रंग वला हुता. तीनी ठोकळ्यांचा आकडा बाजूच्या तोंडावर. तेल घासून काढून." त्याने अर्धगोल टेबलावर ठेवला, सपाट बाजू वर करून. तो डुलला आणि स्थिर झाला. "जीप दोनाला गेली सायब."

टेबलावर त्या अर्धगोलाशेजारी मानकांचे पुस्तक पडले होते. मंगळवारी संध्याकाळी, पाकीट पेटीत टाकून झाल्यावर, मी ते उघडले होते. त्यात दीड ओळीत लिहिलेले आहे की ठोकळा ज्या बाजूंनी साच्याला टेकला होता त्या समोरासमोरच्या बाजूंवर भार द्यावा; वरच्या व खालच्या बाजूंवर देऊ नये. मी ती दीड ओळ तीनदा वाचली होती. पेटी शेडच्या दारातच होती. तिला कुलूप नव्हते. रात्र होती, आणि मग बुधवारची सबंध सकाळ होती, आणि त्या सबंध सकाळीत मी फक्त एवढे केले की पुढच्या वेळी आकडा वर करून ठेवला तरी चूक होऊ नये म्हणून नव्या ठोकळ्यांचे आकडे योग्य बाजूवर घातले. काळजीपूर्वक. चांगल्या अक्षरात. ते करताना माझे बूट कोरडे होते आणि मला ती बादली आठवत होती.

"ह्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," रायाप्पा म्हणाला. "कोरडं ठेवू नका. पान्यात ऱ्हायलं तर अजून घट हुईल. वरसानुवरसं हुतंय."

तो गेला. उतारावरून गाढवे, माणसे, तायव्वा एका ओळीत नदी उतरून गेली. तिथे पूल नव्हता. पाणी पोटरीएवढे होते.

अठ्ठावीस वर्षे झाली. चौथ्या खांबावर दुसऱ्या टोळीने ओतलेली टोपी आहे; तिचे ठोकळे अण्णांनी ठेवले होते आणि ते अडतीस भरले. मी पुढे बरेच पूल पास केले, काही नापास केले, आणि माझ्या सहीला जिल्ह्याजिल्ह्यांत वजन आले. रायाप्पाचे काय झाले हे मी कधी विचारले नाही. विचारण्यासाठी आधी जे सांगावे लागले असते ते सांगायचे नव्हते.

बाल्कनीतल्या पितळी परातीत पाण्याखाली तो अर्धगोल आहे. घरची माणसे समजतात की परात पाखरांसाठी ठेवली आहे, आणि पाखरेही तसेच समजतात. रोज सकाळी मी तिच्यात पाणी घालतो. टोला मात्र एकदाही दिलेला नाही.